छोट्या टॉप-हँडल चेनसॉची ताकद वाढवण्याआधी तिची चेन हातात घेऊन पाहा

आपण सोलापूर शहरात आणि आसपासच्या गावांत झाडे छाटण्याची कामे घेता. आपल्याकडे २५ सीसीची, वर मूठ असलेली टॉप-हँडल चेनसॉ आहे आणि तिला १२ इंची पट्टी (जिच्या कडेवरून चेन फिरते ती) लावलेली आहे. कडुनिंबात ती बरी चालते, पण चिंचेच्या जाड फांदीत किंवा वाळलेल्या बाभळीत शिरली की मान टाकते, असे आपण लिहिले आहे. एकाने आपल्याला सायलेन्सरला भोके पाडायला सांगितले, दुसऱ्याने सिलिंडरचे पोर्ट, म्हणजे वायू आत-बाहेर जाण्याची भोके, घासून घ्यायला सांगितले, आणि १४ इंची पट्टी बसवली तर काम लवकर उरकेल का, असेही आपण विचारले आहे. या तिन्ही गोष्टींचे उत्तर मी देणार आहे, परंतु आपण ज्या क्रमाने विचारल्या त्या क्रमाने नव्हे, कारण माझ्या अनुभवात अशा दहापैकी बहुतेक यंत्रांत ताकद कमी नसते, असलेली ताकद लाकडापर्यंत पोहोचत नसते.

मी गेली २२ वर्षे सोलापुरात फवारणीचे पंप, ब्रश कटर आणि चेनसॉ दुरुस्त करतो आणि त्यातली काही वर्षे स्वतः दोरावर चढून छाटणीही केली आहे, म्हणून यंत्र टेबलावर कसे वाटते आणि तीस फुटांवर फांदीला टेकून उभे असताना कसे वाटते, हे दोन्ही मला ठाऊक आहे. काही गोष्टी मात्र आपल्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. आपले यंत्र झेनोआ जी २५०० या जपानी रचनेवरून बनवलेल्या चिनी यंत्रांपैकी असेल, तर त्याचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ३४ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) २८ मिमी, म्हणजे २५.४ सीसी, आणि कार्बुरेटरवर फिरवता येणारे स्क्रू असतील. आपले यंत्र हवा-पेट्रोलचे मिश्रण स्वतःच ठरवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कार्बुरेटरचे असेल, तर खालचा कार्बुरेटरचा भाग आपल्याला लागू होत नाही. वॉरंटी शिल्लक असेल, तर ती संपेपर्यंत सायलेन्सरला हात लावू नका. आणि आपण जमिनीवर पडलेले जाड बुंधे याच यंत्राने कापत असाल, तर कोणताही बदल केला तरी समाधान होणार नाही. त्या कामाला मागच्या मुठीचे ५० सीसीच्या आसपासचे यंत्र लागते, आणि टॉप-हँडल यंत्र झाडावरच्या कामासाठी राखून ठेवणे हाच त्यावरचा खरा उपाय आहे.

आता पहिली तपासणी. बाभळीची मनगटाएवढी फांदी कापा आणि कापताना खाली पडणारा भुसा तळहातावर घ्या. त्यात पोह्यांसारखे चपटे, जाडसर तुकडे असतील, तर चेन लाकूड कापते आहे. पिठासारखी बारीक भुकटी पडत असेल, तर चेन लाकूड कापत नसून खरवडते आहे, आणि मग इंजिनात दुप्पट ताकद घातली तरी केवळ धूर आणि उष्णता वाढेल. (पूर्ण वाळलेल्या बाभळीचे तुकडे ओल्या कडुनिंबापेक्षा लहान पडतात, एवढी सवलत द्या.) यंत्र हाताने दाबल्याशिवाय लाकडात शिरत नसेल किंवा काप एका बाजूला वाकडा जात असेल, तर निदान पक्के झाले असे समजा.

सोलापूरच्या रस्त्यांवरची झाडे चेनला फार लवकर मारतात. सालीत वर्षभराची धूळ बसलेली असते, फलक लावण्यासाठी ठोकलेले खिळे आणि तारा खोडात रुतलेल्या असतात, आणि बाभळीचा डिंक दात्यांवर चिकटून कडक होतो. म्हणून धार लावण्याआधी चेन रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये भिजवून तारेच्या ब्रशने स्वच्छ करा. आपल्या यंत्रावर बहुधा ३/८ पिचची (पिच म्हणजे दुव्यांमधल्या अंतराचे माप) लो-प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीची, चेन असेल, तिला ४.० मिमीची गोल कानस लागते, तर १/४ पिचच्या चेनला प्रकारानुसार ३.२ किंवा ४.० मिमीची. चुकीच्या जाडीची कानस वापरल्यामुळे बिघडलेल्या चेन माझ्याकडे दर आठवड्याला येतात. दात्याच्या वरच्या पात्याचा कोन साधारण ३० अंश ठेवतात. केवळ कठीण, वाळलेले लाकूड असेल, तर मी तो २५ अंशांच्या जवळ आणतो, कारण किंचित बोथट कोनाची धार जास्त वेळ टिकते. कानशीच्या जाडीचा सुमारे एक पंचमांश भाग दात्याच्या माथ्याच्या वर राहील अशी ती धरा, ती एकाच दिशेने, आतून बाहेर ढकला, आणि प्रत्येक दात्याला सारखेच हात द्या. एका बाजूचे दाते लांब आणि दुसऱ्या बाजूचे आखूड राहिले, तर चेन वाकडी कापणारच.

दात्यापुढची जी छोटी गाठ असते, ती डेप्थ गेज, तिच्याकडे बहुतेक जण पाहतच नाहीत. दाता किती खोल चावेल, हे ती गाठ ठरवते. दाते अनेकदा घासले गेले की त्यांची उंची कमी होते, गाठ मात्र तेवढीच राहते, आणि धार कितीही चांगली लावली तरी दात्याला लाकडाचा स्पर्शच होत नाही. ही उंची दात्यापेक्षा ०.६५ मिमी खाली असायला हवी. त्यासाठी पत्र्याचे साधे मोजमाप मिळते, ते ठेवून सपाट कानशीने घासा. जलद कापेल या आशेने ती त्याहून जास्त खाली नेऊ नका. २५ सीसीचे इंजिन एवढा मोठा घास ओढू शकत नाही, चेन लाकडात अडकून इंजिन बंद पडते, आणि पट्टीच्या टोकाचा उलटा झटका बसण्याचा धोका वाढतो.

यानंतर पट्टीचा प्रश्न. १४ इंची पट्टी लावू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. पट्टी लांब झाली की तिच्यावर फिरणारे दाते वाढतात, घर्षण वाढते, आणि जाड फांदीत एकाच वेळी जास्त दाते लाकडात असतात. म्हणजे जे इंजिन आधीच दमलेले आहे, त्याच्यावर आपण आणखी भार टाकतो. उलट, आपल्या कामातल्या बहुतेक फांद्या आठ इंचांच्या आतल्या असतील, तर १० इंची पट्टी लावून पाहा. त्याहून मोठा फरक अरुंद काप करणाऱ्या चेनने पडतो. पट्टीच्या खाचेत बसणाऱ्या दुव्यांची जाडी १.३ मिमीऐवजी १.१ मिमी असलेली लो-प्रोफाइल चेन मिळते. ती लाकडातून कमी रुंदीची फट काढते, म्हणजे तेवढ्याच ताकदीत कमी लाकूड कापावे लागते. तिच्यासाठी पट्टीही १.१ मिमी खाचेचीच घ्यावी लागते, आणि पिच, खाचेची जाडी व दुव्यांची संख्या हे तिन्ही जुळले पाहिजेत. १/४ पिचची चेन लावायची असेल, तर क्लचजवळचे दातेरी चक्रही बदलावे लागते. सहाऐवजी सात दात्यांचे चक्र लावून चेनचा वेग वाढवण्याची युक्ती काही जण सांगतात. वेग एक षष्ठांशाने वाढतो, पण ओढण्याची शक्ती एक सप्तमांशाने घटते, म्हणून २५ सीसीला ती नको.

पट्टीला तेल नीट पोहोचते का, हेही पाहा. पट्टीचे टोक पांढऱ्या पुठ्ठ्यासमोर काही इंचांवर धरून रेस द्या. पुठ्ठ्यावर तेलाची पुसट रेघ उमटली पाहिजे. आपल्याकडे गाडीतून काढलेले जळके ऑइल यात घालण्याची सवय आहे. त्यातला काजळीचा चिखल पंपाचे बारीक भोक बुजवतो, पट्टी कोरडी पडते, आणि कोरडी पट्टी इंजिनाची ताकद खाते.

मग हवा आणि पेट्रोल. एअर फिल्टर भुशाने भरलेला असेल, तर मिश्रणात पेट्रोल जास्त होते आणि यंत्र जड चालते. दर टाकीला फिल्टर झटकणे आणि आठवड्याला धुणे, एवढ्याने अनेक यंत्रांत जीव येतो. सायलेन्सरच्या तोंडावर ठिणग्या अडवणारी बारीक जाळी असते, ती कार्बनने बुजलेली असेल तर पितळी ब्रशने मोकळी करा. पेट्रोलबाबत मात्र आता जास्त दक्षता हवी. आपल्या पंपांवरच्या पेट्रोलात सध्या २० टक्के इथेनॉल असते, आणि बहुतेक निर्मात्यांच्या पुस्तिका १० टक्क्यांपर्यंतच चालेल असे सांगतात. इथेनॉलला जळण्यासाठी पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते, म्हणून जुन्या बसवणुकीवरच यंत्र चालवले, तर मिश्रण हवेच्या बाजूला सरकते, म्हणजे ते लीन होते आणि पिस्टन तापतो. शिवाय इथेनॉल हवेतले पाणी शोषते आणि कार्बुरेटरचे डायफ्रॅम, म्हणजे आतले पातळ पडदे, कडक करते. यावर माझा उपाय साधा आहे : आठवड्यात संपेल एवढेच पेट्रोल-ऑइलचे मिश्रण करा, काम संपल्यावर टाकी रिकामी करा आणि यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालवून कार्बुरेटर कोरडा करा.

ऑइल चांगल्या प्रतीचे, जासो एफडी (डब्यावर JASO FD असे लिहिलेल्या) दर्जाचे, टू-स्ट्रोकचेच घ्या आणि निर्मात्याने ५०:१ सांगितले असेल तर लिटरला २० मिली, २५:१ सांगितले असेल तर ४० मिली, मापाने मोजून घाला. ‘थोडे जास्त घातले तर इंजिन वाचेल’ ही समजूत अर्धीच खरी आहे. ऑइल वाढले की कार्बुरेटरच्या त्याच जेटमधून, म्हणजे बारीक भोकातून, जाणारे पेट्रोल कमी होते, म्हणजे मिश्रण उलट लीन होते, आणि स्क्रू पुन्हा बसवावे लागतात.

एवढे सगळे करून झाल्यावर, तीच फांदी, तीच जाडी, घड्याळ लावून पुन्हा कापा. माझ्याकडे ताकद वाढवून द्या म्हणून येणाऱ्यांपैकी बरेच जण इथेच थांबतात, आणि त्यांनी थांबावे असेच मला वाटते. तरीही यंत्र अपुरे वाटत असेल, तर सायलेन्सरकडे वळता येते, आणि हा बदल मी स्वतः करून देतो, कारण छोट्या यंत्रांचे सायलेन्सर आवाज आणि धूर कमी करण्यासाठी खरोखरच फार बंद केलेले असतात.

परंतु त्याआधी इंजिन हवाबंद आहे याची खात्री हवी. क्रँकचे सील किंवा कार्बुरेटर आणि सिलिंडर यांच्यामधली रबरी नळी गळत असेल, तर आत चोरून हवा येते. यंत्र स्लोवर चालू ठेवून उजवीकडे, डावीकडे आणि पुढे कलवून पाहा; प्रत्येक वेळी फेऱ्या बदलत असतील, तर गळती असण्याचा संभव मोठा. मी पोर्ट बंद करून सुमारे अर्धा बार दाब आणि नंतर तेवढीच पोकळी देऊन तपासतो. सायलेन्सर काढल्यावर एक्झॉस्ट पोर्टमधून, म्हणजे धूर बाहेर पडण्याच्या भोकातून, पिस्टनही पाहा. त्याच्या अंगावर उभे ओरखडे दिसले, तर तिथेच थांबा. जखमी पिस्टनवर ताकद वाढवण्याचे काम करता येत नाही.

सायलेन्सर नेहमी यंत्रावरून काढूनच भोक पाडा आणि तोवर पोर्टमध्ये स्वच्छ फडके कोंबून ठेवा. धातूचा एक कण आत गेला, तर सिलिंडर संपला. आत पडदा असेल तर तो पूर्ण उखडून टाकू नका. बाहेरचे तोंड मोठे करा किंवा दुसरे काढा, पण सगळ्या तोंडांचे मिळून क्षेत्रफळ एक्झॉस्ट पोर्टच्या तीन चतुर्थांशांच्या पुढे नेऊ नका. त्यापुढे आवाज वाढतो, ताकद वाढत नाही. भोकाच्या कडा आतून-बाहेरून घासून गुळगुळीत करा. धूर स्वच्छ करणारा उत्प्रेरक बसवलेला सायलेन्सर असेल, तर त्याला हात लावू नका. टॉप-हँडल यंत्रात दिशेचा विचार सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण ते छातीजवळ धरले जाते आणि कमरेच्या दोरापासून वीतभर अंतरावर चालते. गरम वायूचा झोत आपल्या तोंडावर, टाकीवर, प्लॅस्टिकच्या आवरणावर किंवा नायलॉनच्या दोरावर येता कामा नये. ठिणग्यांची जाळी नव्या तोंडावरही बसवा. मार्च ते मे या काळात आपल्याकडे झाडाखाली वाळलेले गवत आणि शेताच्या बांधाला उसाचे पाचट असते, तिथे एक ठिणगी पुरते.

भोक पाडून झाले म्हणजे काम अर्धेच झाले. बाहेर जाण्याचा मार्ग मोकळा झाला की इंजिन जास्त हवा ओढते आणि मिश्रण लीन होते. दोन वर्षांपूर्वी मोहोळकडचा एक तरुण आपले यंत्र घेऊन आला होता. कोणीतरी त्याला सायलेन्सरला तीन भोके पाडून दिली होती आणि स्क्रूला हातच लावला नव्हता. पहिल्या दिवशी यंत्र विमानासारखे ओरडत होते, आणि त्याला ती ताकद वाटली. दुसऱ्या दिवशी चिंचेच्या फांदीत ते धरले, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून बसला. मी सायलेन्सर काढून त्याच्या हातात टॉर्च दिला आणि पोर्टमधून पाहायला सांगितले : एक्झॉस्टच्या बाजूला पिस्टनवर बोटाएवढा रुंद, राखाडी, ओरखड्यांचा पट्टा होता आणि रिंग तिच्या खाचेत चिकटून बसली होती. उसनवार घेऊन आणलेले ते यंत्र होते. त्याचा पडलेला चेहरा मला अजून आठवतो, आणि हे उत्तर एवढे लांबवण्याचे तेच कारण आहे.

कार्बुरेटरची बसवणूक चेन आणि पट्टी लावूनच, फिल्टर स्वच्छ असताना आणि यंत्र गरम करून करायची असते. स्क्रूवर मर्यादा घालणाऱ्या प्लॅस्टिकच्या टोप्या असतील, तर त्या काढाव्या लागतात. आधी एल, म्हणजे खालच्या फेऱ्यांचा, स्क्रू : फेऱ्या सर्वांत जास्त होतील ती जागा शोधा आणि तिथून डावीकडे, म्हणजे पेट्रोल वाढण्याच्या बाजूला, किंचित सोडा. रेस दिल्यावर यंत्र अडखळता कामा नये. मग स्लोचा स्क्रू असा बसवा, की चेन अजिबात फिरणार नाही. त्यानंतर एच, म्हणजे वरच्या फेऱ्यांचा, स्क्रू. पूर्ण रेस देऊन यंत्र लाकडाबाहेर धरा. आवाज किंचित फुटका, गुरगुरल्यासारखा आला पाहिजे, आणि लाकडाला टेकवताच तो स्वच्छ आणि एकसंध झाला पाहिजे. लाकडाबाहेरच आवाज स्वच्छ, तीक्ष्ण असेल, तर मिश्रण लीन आहे; स्क्रू ताबडतोब डावीकडे सोडा. यात एक फसगत आहे. काही यंत्रांच्या कॉइलमध्ये फेऱ्यांची मर्यादा घातलेली असते, आणि ती मर्यादा गाठल्यावर ठिणगी तुटल्याचा आवाजही तसाच फुटका येतो. त्यामुळे लीन असलेले यंत्र भरल्या, म्हणजे पेट्रोल जास्त असलेल्या, मिश्रणाचे वाटते. म्हणून केवळ कानावर विसंबू नका. प्लगच्या वायरीशी लावायचा, फेऱ्या मोजणारा छोटा टॅकोमीटर घ्या, तो फेरीला एक ठिणगी या हिशोबावर लावा, आणि पुस्तिकेतल्या कमाल फेऱ्यांच्या थोडे खालीच राहा.

ही बसवणूक वर्षभर तशीच चालत नाही. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४० अंशांच्या वर असतो, हवा विरळ होते आणि मिश्रण थोडे भरले जाते. डिसेंबरच्या थंड सकाळी हवा दाट असते आणि तीच बसवणूक लीन ठरते. उन्हाळ्यात नेमकी बसवलेली चेनसॉ हिवाळ्यात धरते, ती यामुळे. दिवाळीनंतर एकदा आणि होळीनंतर एकदा स्क्रू तपासा.

पोर्ट घासण्याविषयी विचारणाऱ्यांच्या मनात बहुधा यामाहाची आरएक्स १०० मोटारसायकल असते. १९८५ ते १९९६ या काळात बनलेल्या त्या गाडीचे पोर्ट घासणारे कुशल हात आपल्याकडे होते आणि अजूनही आहेत. पण त्या सिलिंडरमध्ये बिडाची स्लीव्ह असते, चूक झाली तर बोअर करून मोठा पिस्टन घालता येतो. चेनसॉचा सिलिंडर ॲल्युमिनियमचा असतो आणि आत निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा किंवा क्रोमचा पातळ, फार कठीण थर असतो. ग्राइंडर घसरला किंवा पोर्टच्या कडेला त्या थराचा पापुद्रा उडाला, तर सिलिंडर बोअर करता येत नाही. सिलिंडर नवाच घ्यावा लागतो. ३४ मिमीच्या बोअरमध्ये अर्ध्या मिलिमीटरची चूकही पोर्ट उघडण्याची वेळ बदलते आणि खालच्या फेऱ्यांतली ओढ नाहीशी होते, जी झाडावरच्या कामात सर्वांत जास्त लागते. सिलिंडरखालचे गॅस्केट काढून कॉम्प्रेशन वाढवण्याचेही तसेच. प्लगच्या भोकातून सोल्डरची तार घालून, इंजिन हाताने फिरवून, चेपलेल्या तारेची जाडी मोजल्याशिवाय ते करू नये, आणि ती जाडी ०.५ मिमीच्या खाली जाता कामा नये. आपल्या यंत्रासाठी मी हे दोन्ही करणार नाही.

मॅग्नेटला शाफ्टवर जागेवर धरणारी चावी घासून ठिणगी काही अंश आधी आणण्याची युक्तीही आपल्या कानावर येईल. मी सुरुवातीच्या वर्षांत एका यंत्रावर ती केली होती. रेस पकडण्यात फरक जाणवला, पण थंड इंजिन सुरू करताना दोरी उलटी खेचली गेली आणि उजव्या हाताची दोन बोटे आठवडाभर सुजली. जमिनीवर पाय रोवून हे सोसता येते. फांदीवर एका दोराने बांधलेले असताना नाही.

झाडावरच्या माणसाच्या दृष्टीने ताकदीचा आणखी एक अर्थ आहे. टॉप-हँडल यंत्रात दोन हातांमधले अंतर कमी असते, म्हणून पट्टीचे टोक कशाला लागून झटका बसला, तर तो रोखायला तरफ कमी मिळते. यंत्र जितके जोमदार, तितका हा झटका जोरदार. म्हणून बदल केल्यानंतर चेन ब्रेक पूर्ण रेसवर लावून चेन तत्क्षणी थांबते का हे रोज पाहा, यंत्र दोन्ही हातांनीच चालवा, आणि कानाला संरक्षण लावा. आवाज वाढल्यामुळे खालच्या माणसाची हाक आपल्याला ऐकू येणार नाही, तेव्हा हाताच्या खुणा आधी ठरवून घ्या.

पहिल्या दोन टाक्या जमिनीवरच, ओल्या कडुनिंबाच्या ओंडक्यांवर काढा. त्यानंतर यंत्र गार झाल्यावर सायलेन्सरचे बोल्ट पुन्हा आवळा, कारण उष्णतेने ते सैल होतात आणि गॅस्केट फुंकले जाते. मग सायलेन्सर एकदा उतरवून पिस्टनकडे टॉर्चने पाहा. त्याचे अंग गुळगुळीत आणि कारखान्यात घडवतानाच्या बारीक आडव्या रेषा शाबूत दिसल्या, तर यंत्र झाडावर न्यायला हरकत नाही.